पाऊण पळाचा फरक

(गणेशोत्सव व्याख्यानमालेत मंडळाच्या विज्ञान कट्ट्यातर्फे झालेले भाषण)



श्रीगणरायाला वंदन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. पत्रिकेत विषय छापला आहे 'उपग्रहांची वेळ'. तो वाचून काहींनी आम्हाला विचारले, की गणपतीत हा विषय कशाला? त्याला आमचे उत्तर असे, की आपण इंदूरची मराठी माणसे वेळेच्या बाबतीत मुळातच दोन घरांत राहणारी माणसे आहोत. दिवस एकच, पण त्याची नावे दोन, हा अनुभव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. आज उपग्रहांच्या वेळेत जो घोळ होतो तो नेमका याच जातीचा आहे. यंत्रे उत्तम असतात, आकडे बरोबर असतात, गडबड होते ती शब्दांत.

आता आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला येते. शेजारच्या हिंदी भाषिक घरी विचारा, ते सांगतील भाद्रपद कृष्ण अष्टमी. चंद्र तोच, उपास त्याच दिवशी, पाळणाही त्याच रात्री. फरक एवढाच, की आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्ही घरांत महिन्याचे नाव एक असते, म्हणून गणेश चतुर्थीच्या वेळी घोळ होत नाही. वद्य पक्ष लागला की नाव बदलते. आपल्या आज्यांना हे पाठ होते. 'त्यांचा भादवा की आपला?' एवढे विचारून त्या पुढे बोलत असत.

दुसरे उदाहरण याच उत्सवाचे. गणपतीची पूजा मध्याह्नी करावी असे पंचांग सांगते. अनेक घरांत मध्याह्न म्हणजे घड्याळातले बारा असे समजून धावपळ होते. पंचांगातला मध्याह्न हा क्षण नसून काळाचा एक भाग आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पाच भाग करायचे: प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न. त्यातला मधला भाग तो मध्याह्न, साधारण अडीच तासांचा. शिवाय इंदुरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला येतच नाही. भारतीय प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची. आपण त्या रेषेच्या पश्चिमेला आहोत, त्यामुळे आपला सूर्य सरासरी 27 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. उज्जैनच्या वेधशाळेतल्या शंकुयंत्रापाशी हातात घड्याळ घेऊन उभे राहिले तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. आणि गंमत अशी, की आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शून्य रेखांश धरला आहे तो याच उज्जैनचा. म्हणजे एकेकाळी सगळ्या देशाचे गणित आपल्या शेजारच्या गावावरून होत असे, आणि आज आपल्या गावाचा दुपारचा सूर्य मिर्झापूरच्या मागे असतो. दोन्ही ठीक आहेत. 'दुपारी बारा' म्हणताना कुठले बारा, हे माहीत असले म्हणजे झाले.

तिसरे उदाहरण जुन्या पत्रिकांचे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजोबा-आजींच्या जन्मपत्रिका असतील. ज्यांचा जन्म मुंबईचा आहे त्यांच्या जन्मवेळेत एक खोच असते. देशात प्रमाण वेळ 1906 साली लागू झाली, पण मुंबईत स्थानिक 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत वापरात राहिली. ती प्रमाण वेळेच्या 39 मिनिटे मागे होती. शिवाय दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 या काळात साऱ्या देशाची घड्याळे एक तास पुढे केली होती. म्हणून 1943 साली मुंबईत सकाळी सातला जन्म, असे लिहिले असेल तर ते सात तीन प्रकारचे असू शकतात. लिहिणाऱ्याने आकडा बरोबर लिहिला होता. त्याला त्या दिवशी वाटले, की हे सर्वांना माहीतच आहे. ऐंशी वर्षांनी ते कोणालाच माहीत नसते.

श्रोतेहो, हे लक्षात ठेवून आता आपण वर जाऊ, जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंच. तिथे अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह फिरत आहेत. जीपीएस म्हटले की आपल्याला नकाशा आठवतो, गाडीतली ती 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' म्हणणारी बाई आठवते. प्रत्यक्षात हे उपग्रह म्हणजे आकाशात टांगलेली घड्याळे आहेत. प्रत्येकात अणुघड्याळ आहे. उपग्रह सतत सांगत असतो, 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले.' तो संदेश आपल्या यंत्रापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते, कारण प्रकाशाचा वेग ठरलेला आहे. तीन उपग्रहांवरून जागा काढता येते, पण आपल्या हातातले घड्याळ साधे असते. त्याची चूक काढून टाकायला चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश 30 सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक फूट जातो. म्हणून इथे वेळ चुकली की जागा चुकली.

अशा इतक्या काटेकोर यंत्रणेत 'जीपीएस टाइम' हा शब्द मात्र दोन अर्थांनी वापरला जातो, आणि आजच्या आमच्या भाषणाचे मूळ तिथे आहे.

पहिला अर्थ तज्ज्ञांचा. जीपीएस टाइम म्हणजे त्या यंत्रणेची स्वतःची अंतर्गत कालगणना. ती 6 जानेवारी 1980 च्या मध्यरात्री सुरू झाली आणि तेव्हापासून न थांबता, मध्ये काहीही न घालता, एकेक सेकंद मोजत चालली आहे. दुसरा अर्थ बाजारातला. जीपीएस टाइम म्हणजे जीपीएस यंत्राच्या पडद्यावर दिसणारी वेळ. ती सहसा यूटीसी असते, म्हणजे जगाची समन्वित वेळ, किंवा तिच्यात साडेपाच तास मिळवून झालेली आपली प्रमाण वेळ. या दोन 'जीपीएस टाइम'मध्ये आज 18 सेकंदांचा फरक आहे. यंत्रणेची अंतर्गत वेळ 18 सेकंद पुढे आहे.

हा फरक का पडला? सेकंद पूर्वी पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरत असे. 1967 साली तो अणूवरून ठरवला गेला: सिझियम अणूच्या एका ठरावीक किरणाची 9,19,26,31,770 आंदोलने म्हणजे एक सेकंद. अणू चुकत नाही, पृथ्वी मात्र कधी रेंगाळते, कधी सावरते. घड्याळ आणि सूर्य यांची फारकत होऊ नये म्हणून 1972 पासून यूटीसीमध्ये गरजेप्रमाणे एक जादा सेकंद घालू लागले. आपल्या अधिक मासासारखीच ही युक्ती, फक्त महिन्याऐवजी सेकंदाची. त्याला लीप सेकंद म्हणतात. आजवर असे 27 सेकंद घातले गेले. शेवटचा 31 डिसेंबर 2016 ला घातला. आपल्याकडे तेव्हा 1 जानेवारी 2017 ची पहाट होती आणि प्रमाण वेळेच्या घड्याळात 5 वाजून 29 मिनिटे 60 सेकंद असा आकडा येऊन गेला. बहुतेक सगळे झोपेत होतो.

जीपीएसच्या अंतर्गत गणनेत हे अधिक सेकंद घालत नाहीत, कारण चालू गणितात मध्येच एक सेकंद खुपसला तर हिशेब विस्कटेल. 1980 नंतर यूटीसीत 18 सेकंद घातले गेले, म्हणून फरक 18. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर एक पळ 24 सेकंदांचे, म्हणजे हा फरक पाऊण पळाचा.

कोणी म्हणेल, पाऊण पळाने काय बिघडते? आरतीला पाऊण पळ उशीर झाला तर बाप्पा रागावत नाहीत. खरे आहे. आरतीला, शाळेला, लग्नाला बिघडत नाही. पण तुमच्या दोन यंत्रांपैकी एकाने एक अर्थ धरला आणि दुसऱ्याने दुसरा, तर ती दोघे एकमेकांशी कधीच जुळणार नाहीत, आणि दोघेही शपथेवर सांगतील की 'माझी वेळ जीपीएसची आहे.'

आता आकाशात जीपीएस एकटेच नाही. आपल्या देशाचे नाविक आहे, युरोपचे गॅलिलिओ, रशियाचे ग्लोनास आणि चीनचे बैदू. प्रत्येकाची कालगणना स्वतंत्र आहे. आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण भिंतीवरच्या एकाच दिनदर्शिकेत आपण शालिवाहन शकही वाचतो आणि विक्रम संवतही, आणि दोहोंत 135 वर्षांचा फरक आहे हे जाणतो. तसाच प्रत्येक यंत्रणेचा एक शक आहे असे समजा. जीपीएसचा शक 6 जानेवारी 1980 ला सुरू होतो. गॅलिलिओ आणि आपले नाविक यांचा 22 ऑगस्ट 1999 ला, पण तो मांडताना तेव्हाचा 13 सेकंदांचा फरक धरून घेतला, त्यामुळे त्यांचे सेकंद जीपीएसच्या सेकंदांशी जुळतात. बैदूचा शक 1 जानेवारी 2006 चा, तिथून पुढे चार लीप सेकंद पडले, म्हणून बैदूची वेळ यूटीसीच्या 4 सेकंद पुढे आहे. ग्लोनासचे सगळेच निराळे. ती यूटीसीबरोबर लीप सेकंद पाळते आणि वर मॉस्कोचे तीन तास मिळवते. या सर्वांच्या मुळाशी अणुघड्याळांची आंतरराष्ट्रीय गणना आहे, तिला टीएआय म्हणतात. ती यूटीसीच्या 37 सेकंद पुढे आहे.

म्हणजे या क्षणी 'उपग्रहाची वेळ काय?' असे विचारले तर चार निरनिराळी उत्तरे मिळतील आणि चारही बरोबर असतील. आजच्या फोनमध्ये एकच चिप या सगळ्या उपग्रहांचे ऐकते. ती चिप बनवणाऱ्याने प्रत्येकाचा शक नीट ओळखला म्हणून आपला नकाशा चालतो. बोलताना मात्र आपण सगळ्याला सरसकट जीपीएस म्हणतो, जसे एकेकाळी कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत होतो.

शकाबरोबर आवर्तनाचाही प्रश्न आहे. जीपीएसचा जुना संदेश साल सांगत नाही. तो आठवड्याचा क्रमांक सांगतो, आणि त्या क्रमांकाला जागा दिली आहे फक्त 0 ते 1023 एवढी. 1024 आठवडे, म्हणजे साधारण 19 वर्षे आणि साडेसात महिने झाले, की गाडी पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट 1999 मध्ये झाले आणि पुन्हा एप्रिल 2019 मध्ये झाले. 'आठवडा 5' म्हटले तर तो 1980 चा, 1999 चा की 2019 चा, हे त्या आकड्यात नसते. यंत्राने ते बाहेरून ठरवायचे असते. एप्रिल 2019 मध्ये न्यूयॉर्क महापालिकेचे बिनतारी जाळे याच कारणाने काही दिवस बंद पडले होते. पुढचे आवर्तन नोव्हेंबर 2038 मध्ये आहे, आणि नाविकलाही तेवढीच जागा दिलेली असल्यामुळे त्याचेही त्याच सुमारास आहे.

हा घोळ आपल्याला परका नाही. आपली संवत्सरांची नावे साठ वर्षांनी फिरून येतात. नुसते 'विश्वावसु संवत्सर' म्हटले तर ते 1965 चे की 2025 चे हे शक सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि होळकरांच्या, शिंद्यांच्या, पेशव्यांच्या दप्तरांतली पत्रे ज्यांनी चाळली असतील त्यांना ठाऊक आहे, की किती पत्रांवर चंद्र असतो, महिना असतो, पण साल नसते. लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला साल माहीत होते! त्यामुळे पुढे इतिहासकारांना जंत्र्या घेऊन, मजकुरातल्या लढाया आणि लग्ने ताडून त्या पत्रांची साले ठरवत बसावे लागले. कागद वाचवण्यासाठी गाळलेल्या एका शब्दाची किंमत दोनशे वर्षांनी चुकवावी लागली. जीपीएसच्या संदेशातही जागा वाचवण्यासाठीच हे केले होते.

आता वाटेल, की यूटीसी असे स्पष्ट लिहिले म्हणजे प्रश्न मिटला. बराचसा मिटतो, पूर्ण मिटत नाही. खरी यूटीसी कोणत्याही घड्याळात नसते हे ऐकून अनेकांना नवल वाटते. जगभरच्या प्रयोगशाळांतल्या शेकडो अणुघड्याळांच्या नोंदी पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयात जातात. तिथे त्यांची सरासरी काढतात आणि निकाल पुढच्या महिन्यात छापतात. म्हणजे खरी यूटीसी कागदावर असते आणि ती उशिरा कळते. प्रत्यक्ष चालते ती प्रत्येक देशाच्या प्रयोगशाळेने राखलेली तिची प्रत. आपल्याकडे ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे आणि भारतीय प्रमाण वेळ तिच्यावरून निघते. जीपीएस सांगते ती अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतल्या प्रतीचा अंदाज. या प्रतींतले फरक अतिशय सूक्ष्म असतात, रोजच्या जगण्यात नगण्य. पण वेळ कोणाची, या प्रश्नाला 'यूटीसी' हे अर्धेच उत्तर आहे.

शब्द तसाच राहून अर्थ बदलतो, असेही होते. 1972 च्या आधी यूटीसीचा सेकंद पृथ्वीशी जुळवून घेण्यासाठी किंचित लांबवलेला असे. 1972 नंतर तो शुद्ध अणुसेकंद झाला आणि लीप सेकंद आले. 2022 च्या आंतरराष्ट्रीय वजन-माप परिषदेने ठरवले आहे, की घड्याळ आणि पृथ्वी यांच्यात किती फरक चालवून घ्यायचा ही मर्यादा 2035 पर्यंत वाढवायची. म्हणजे पुढे बराच काळ लीप सेकंद घालावे लागणार नाहीत. आपली नातवंडे यूटीसी म्हणतील तेव्हा त्यांचा अर्थ आजच्यापेक्षा वेगळा असेल. जीएमटीचेही तसेच झाले. खगोलशास्त्रज्ञ 1925 पूर्वी ग्रिनिचचा दिवस दुपारपासून मोजत असत आणि बाकी जग मध्यरात्रीपासून. जुन्या निरीक्षणांत जीएमटी लिहिलेले दिसले की आधी साल पाहावे लागते, नाहीतर बारा तासांची चूक होते.

या शब्दांच्या फरकाने काय होऊ शकते, त्याचे एक ठळक उदाहरण 26 जानेवारी 2016 चे आहे. आपण इथे प्रजासत्ताक दिनाचे ध्वजवंदन करत होतो. त्या सुमारास जीपीएसचा 1990 साली सोडलेला एक जुना उपग्रह निवृत्त केला जात होता. ते करताना जमिनीवरच्या संगणक प्रणालीतून एक चुकीचा आकडा काही उपग्रहांकडे गेला. जगभर दूरसंचार यंत्रणांत धोक्याच्या घंटा वाजू लागल्या, ब्रिटनमध्ये बीबीसीच्या डिजिटल रेडिओत व्यत्यय आला. चूक होती सुमारे 13 मायक्रोसेकंदांची. तेवढ्या वेळात प्रकाश जवळजवळ चार किलोमीटर जातो. मग लोकांनी साहजिकच विचारले, की जीपीएसची वेळ इतकी चुकली तर विमाने आणि जहाजे वाट कशी चुकली नाहीत?

उत्तर त्या दोन अर्थांत आहे. जागा काढायला लागणारी वेळ, म्हणजे अंतर्गत जीपीएस टाइम, त्या दिवशी बरोबरच होती. चुकला होता तो अंतर्गत वेळेवरून यूटीसी काढण्यासाठी संदेशात दिलेला दुरुस्तीचा आकडा. ज्या यंत्रांना फक्त जागा हवी होती त्यांना काहीच झाले नाही. ज्यांना यूटीसी हवी होती ती फसली. 'जीपीएसची वेळ चुकली' हे वाक्य त्या दिवशी एका अर्थाने खरे होते आणि दुसऱ्या अर्थाने खोटे. अशा वेळी रात्रपाळीच्या इंजिनिअरला हा भेद ठाऊक असेल तर तो नेमक्या जागी बोट ठेवतो. ठाऊक नसेल तर चांगले यंत्र उघडून बसतो.

इथे आपल्या मराठीकडेही पाहिले पाहिजे. आपण 'अचूक' हा एकच शब्द दोन गुणांसाठी वापरतो. एक गुण म्हणजे खऱ्या वेळेच्या जवळ असणे, दुसरा म्हणजे बारीक मापात सांगता येणे. पहिल्याला अचूक म्हणावे आणि दुसऱ्याला काटेकोर, असे आम्ही सुचवतो, कारण दोन्ही गुण एकत्र असतीलच असे नाही. नवे जीपीएस यंत्र चालू केले की ते लगेच सेकंदाच्या दशांश स्थळांपर्यंत वेळ दाखवू लागते. पण यूटीसीशी किती सेकंदांचा फरक आहे ही माहिती उपग्रहाच्या जुन्या संदेशात साडेबारा मिनिटांतून एकदाच येते. ती येईपर्यंत यंत्र कारखान्यात भरलेल्या जुन्या आकड्यावर चालू शकते. तोवर पडद्यावरची वेळ अतिशय काटेकोर असते आणि अचूक मात्र नसते. दशांश स्थळे पाहून विश्वास ठेवू नये, हा धडा घड्याळापुरताच नाही, पण आज आपण घड्याळापुरताच घेऊ.

हे सगळे इंजिनिअर मंडळींचे, आपल्याला काय, असे वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो.

पहिली विजेची. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात वीज गेली. सुमारे पाच कोटी लोक अंधारात होते. चौकशी सुरू झाली तेव्हा प्रश्न साधा होता: आधी कोणती तार तुटली, मग कोणती? नोंदी हजारो होत्या. पण अनेक नोंदयंत्रांची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळवलेली नव्हती. आधी काय आणि मग काय, हे ठरवण्यातच तज्ज्ञांचे फार श्रम गेले. कारण आणि परिणाम यांत फरक करायचा तर क्रम कळावा लागतो, आणि क्रम कळायला सगळ्यांची वेळ एकाच जातीची असावी लागते.

दुसरी गोष्ट आपल्या रस्त्यावरची आहे, आणि ती समजण्यासाठी रचलेली आहे. आपले गाव ट्रान्सपोर्टचे. समजा, एक ट्रक इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने निघाला. बिजासन घाटात 12 तारखेला पहाटे 1 वाजून 40 मिनिटांनी त्याला अपघात झाला. गाडीची विमा पॉलिसी 12 तारखेच्या मध्यरात्री 00:00 ला सुरू झालेली. गाडीत उपग्रहावर चालणारे ट्रॅकर आहे. त्याचा अहवाल निघतो: '11 तारीख, 20:10, जीपीएस टाइम.' पुढे काही लिहिलेले नाही. टेबलाशी बसलेला माणूस म्हणतो, अपघात 11 तारखेला रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी झाला, तेव्हा पॉलिसी नव्हती, दावा नामंजूर. अहवालातला आकडा बरोबर आहे. तो यूटीसीतला आहे, त्यात साडेपाच तास मिळवले की पहाटेचे 1:40 होतात आणि तारीखही बदलते. पण 'यूटीसी' ही तीन अक्षरे कोणी छापली नाहीत. ट्रकमालक वकील करू शकेल. जखमी ड्रायव्हरच्या घरच्यांनी काय करावे? त्यांना कोण सांगणार, की या कागदावर फक्त एक शब्द कमी आहे?

म्हणून आम्ही म्हणतो, की हा शब्दच्छल नाही. वेळ हा पुरावा आहे. साक्षीदार कोर्टात उभा राहिला की आधी त्याला नाव, गाव, वडिलांचे नाव विचारतात. वेळेलाही तीन गोष्टी विचाराव्यात. तू कोणाची, म्हणजे यूटीसी, भारतीय प्रमाण वेळ की यंत्रणेची अंतर्गत? तू कुठून मोजलेली, म्हणजे तुझा शक कोणता आणि आवर्तन कितवे? आणि तू कोणाकडून कळलीस, म्हणजे उपग्रहाकडून, मोबाईलच्या टॉवरकडून की कोणाच्या मनगटावरून?

घरगुती पातळीवर हे अजिबात अवघड नाही. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना नुसते आयएसटी लिहू नये. आयर्लंडमध्ये आयएसटी म्हणजे त्यांची उन्हाळी वेळ, आणि इस्रायलमध्येही आयएसटी आहे. 'भारतीय वेळेप्रमाणे रात्री नऊ' असे लिहावे, चार शब्द जास्त लागतील. संकष्टीला मुंबईत छापलेली दिनदर्शिका पाहताना चंद्रोदयाच्या तक्त्यात आपल्या गावाचे नाव शोधावे, मुंबईच्या चंद्रावर उपास सोडू नये. घरातल्या जुन्या कागदांवर जन्मवेळा असतील तर वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावे: कोणते गाव, कोणती वेळ. आपल्या गाडीला ट्रॅकर असेल तर त्याच्या अहवालावर कोणती वेळ छापली जाते ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. आणि संगणक क्षेत्रातल्या आपल्या तरुण मित्रांना आमचे खास सांगणे आहे. तुम्ही प्रोग्रॅममध्ये वेळेचा रकाना ठेवाल तेव्हा शेजारी ती कोणती वेळ हे नोंदवणारा आणखी एक रकाना ठेवा. त्याला फार जागा लागत नाही. पूर्वीच्या कारकुनाने पत्रावर साल घातले असते तर त्यालाही फार शाई लागली नसती.

आपण इथे दोनशे-अडीचशे वर्षे राहिलो. या काळात आपण आपली पंचांगे सोडली नाहीत आणि शेजाऱ्यांचीही नाकारली नाहीत. त्यांची होळी, आपली रंगपंचमी, त्यांचा संवत, आपला शक, सगळे आपण एका भिंतीवर टांगले. ते जमले, कारण आपण नेहमी विचारत आलो, 'त्यांचे की आपले?' दोन्ही आपलेच मानणारा माणूससुद्धा हा प्रश्न विचारतो, कारण त्याशिवाय दोन्ही नीट पाळता येत नाहीत. आता डोक्यावर पाच-सहा देशांची घड्याळे फिरत आहेत आणि आपल्या पैशाची, विजेची, फोनची, रस्त्याची वेळ तिथून उतरते आहे. तो जुना प्रश्न विचारण्याची सवय आपण त्यांनाही लावली पाहिजे.

आरतीची वेळ साडेसात आहे. भारतीय प्रमाण वेळेप्रमाणे.

गणपती बाप्पा मोरया!